वर्षावासातील ग्रंथवाचन : एकत्र वाचण्याचा आनंद

आषाढ पौर्णिमेच्या संध्याकाळी आपल्या जिल्ह्यातील अनेक गावांत एक सारखेच दृश्य दिसते. शेतातील निंदण-डवरणीची कामे आटोपून माणसे घरी येतात, हातपाय धुतात, पांढरी वस्त्रे नेसून विहाराकडे निघतात. मेणबत्ती आणि अगरबत्ती लावली जाते. त्रिसरण-पंचशील होते. मग चौरंगावरचा जाड ग्रंथ उघडून कोणीतरी सावकाश, मोठ्याने वाचू लागते. ग्रंथ असतो बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’. हे वाचन पुढे तीन महिने, आश्विन पौर्णिमेपर्यंत चालते. बाहेर पाऊस पडत असतो, मध्येच वीज जाते, कोणीतरी मोबाइलचा उजेड पानावर धरते आणि वाचन पुढे सुरू राहते.

शहरांत अलीकडे ‘बुक क्लब’ निघाले आहेत. महिन्यातून एकदा काही माणसे जमतात आणि सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु आपल्या आया-आज्या हेच काम कित्येक वर्षांपासून करीत आल्या आहेत. आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी हाच विषय निवडला, कारण मी स्वतः अशा एका मंडळाचा बऱ्याच वर्षांचा सभासद आहे. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या प्रथेची मुळे शोधावीत आणि सभासद म्हणून तिचा आनंद सांगावा, असा दुहेरी हेतू आहे. त्याचबरोबर एक काळजीही मांडायची आहे. एकट्याने वाचलेले पुस्तक माणसाला ज्ञान देते. चारचौघांत वाचलेले पुस्तक प्रश्न विचारण्याचे धैर्यही देते. हे प्रश्न थांबले की वाचनाचे पारायण होते.

ऐकण्याची जुनी परंपरा

बौद्ध परंपरेत ग्रंथ मुळातच समूहाचा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली धम्मसंगीती भरली. महाकाश्यप अध्यक्षस्थानी होते. परंपरा सांगते की आनंदाने धम्म सांगितला आणि उपालीने विनय सांगितला. ‘संगीती’ या शब्दाचाच अर्थ एकत्र म्हणणे असा आहे. उपाली हा कपिलवस्तूचा न्हावी. संघाच्या सर्व नियमांचा अधिकृत जाणकार म्हणून पाचशे भिक्खूंनी एका न्हाव्याला प्रश्न विचारले आणि त्याची उत्तरे प्रमाण मानली, ही घटना वर्गात शिकविताना मी नेहमी थोडा थांबतो. मुलांच्या डोळ्यांत त्या वेळी काहीतरी हलते. पुढे कित्येक पिढ्या हे सारे वाङ्मय तोंडपाठ ठेवले गेले. एकाची चूक दुसऱ्याने सुधारायची, म्हणून पाठांतरही समूहानेच केले जाई. श्रीलंकेत ते लिहून काढले गेले इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात.

सम्राट अशोकाचा एक शिलालेख राजस्थानातील बैराट येथे सापडला. तो भाब्रू लेख म्हणून ओळखला जातो आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोकाने धम्माचे सात पाठ नावानिशी सांगितले आहेत. ते भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर ही एका राजाने प्रजेला दिलेली वाचनाची यादी होय. त्या सातांत राहुलाला खोटे बोलण्यासंबंधी केलेला उपदेशही आहे. पालकांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

ओडिशातील धौली आणि जौगड येथील लेखांत अशोक आणखी एक सूचना देतो. हा लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवावा, अधूनमधूनही वाचावा आणि प्रसंगी एकट्या माणसालाही ऐकवावा. आमच्या मंडळात पावसामुळे तीनच माणसे आली की कोणीतरी म्हणते, “आज राहू द्या.” तेव्हा मी त्यांना हा लेख सांगतो. श्रोता एकच आला तरी वाचन रद्द करायचे नाही, अशी सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची राजाज्ञाच आहे!

बाबासाहेब आणि वाचनाची सामूहिक घडण

बाबासाहेब हे एकांतात वाचणारे महापुरुष होते, अशी आपली कल्पना असते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. त्यांच्या लहानपणी सुभेदार रामजी मुलांकडून घरात ग्रंथ मोठ्याने वाचून घेत. त्या वाचनातील काही पात्रे बालवयातील भीमरावांना पटली नाहीत आणि ते त्यांनी वडिलांना स्पष्ट सांगितले. म्हणजे वाचनाबरोबर प्रश्न विचारण्याची सवय त्यांना घरातील बैठकीतच लागली. पुढे शालेय परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सत्काराच्या वेळी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका जाणत्या वाचकाने एका होतकरू वाचकाच्या हाती पुस्तक ठेवले. त्या भेटीचे फळ पुढे दीक्षाभूमीवर दिसले.

२० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची उद्दिष्टे पाहा. वसतिगृहे काढणे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे चालविणे ही कामे तेथे शेजारी-शेजारी येतात. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. मुलाला राहायला छप्पर आणि वाचायला सोबत, दोन्ही एकत्र लागतात हे त्यांनी ओळखले होते. आपली निवासी शाळा त्याच विचाराची वारस आहे. वसतिगृहातील एका कंदिलाभोवती किंवा बल्बखाली चार मुलांनी एक पुस्तक वाचल्याचे दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. ते आपले पहिले वाचक मंडळ होते.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी. ही पत्रे ज्यांच्यासाठी होती त्यांच्यात वाचता येणारी माणसे थोडी होती. म्हणून एकाने वाचायचे आणि वस्तीने ऐकायचे, अशी रीत पडली. अंकाची एक प्रत किती कानांपर्यंत पोहोचत असेल, याचा हिशेब कोणत्याही वर्गणीदारांच्या यादीत सापडणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर लाखो माणसे बौद्ध झाली. त्यांना धम्म समजावून सांगणारे भिक्खू मात्र मोजकेच होते. बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि यथावकाश मराठीत आला. भगवंतांच्या काळी पावसाळ्यात भिक्खू एका ठिकाणी राहत आणि उपासकांना उपदेश करीत. आपल्या गावोगावच्या विहारांत भिक्खूंच्या अभावी ती जागा या ग्रंथाने घेतली. त्याची मांडणीही या कामाला सोयीची आहे. खंड, भाग, प्रकरणे आणि त्यांत क्रमांक दिलेली छोटी-छोटी विधाने. नुकते वाचायला शिकलेल्यालाही चार विधाने वाचून पुस्तक पुढच्याच्या हाती देता येते.

रोहिणीचे पाणी

आमच्या मंडळात वीसेक माणसे येतात. त्यांत स्त्रिया अधिक. काहींना अक्षरओळख नाही, काहींची शाळा चौथीत सुटली, दोघे-तिघे पदवीधर आहेत, एक निवृत्त पोस्टमन आहेत. आठवी-नववीतील मुलेही येतात, कारण आजीचा मोतीबिंदू झाला की वाचायला नातवंडच लागते. पद्धत साधी आहे. एकाने प्रकरण वाचायचे, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि तिसऱ्याने त्यावर निदान एक प्रश्न विचारायचा.

एका वर्षीची गोष्ट. पहिल्या खंडातील शाक्य-कोलियांचा प्रसंग चालला होता. रोहिणी नदीचे पाणी आधी कोणी घ्यायचे, यावरून दोन गणांत मारामारी होते. शाक्यांचा सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. संघाचा सभासद असलेला सिद्धार्थ त्याला विरोध करतो. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असे तो सुचवितो. ठराव बहुमताने युद्धाच्या बाजूने जातो. सिद्धार्थ सैन्यात जायला नकार देतो, तेव्हा त्याच्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालण्याची आणि जमीन जप्त करण्याची धमकी दिली जाते. कुटुंबाला त्रास होऊ नये म्हणून तो परिव्राजक होऊन देश सोडतो.

वाचन संपले. शांतता झाली. मग कोपऱ्यातून एक आजी म्हणाल्या, “गुरुजी, म्हंजे त्यांच्यावर बी बहिष्कारच टाकत होते का?” त्यांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीवर बहिष्कार पडला होता, दुकानदार मीठ-पीठ देत नव्हता, हे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सर्वांसमोर सांगितले. त्यांची सख्खी नात शेजारी बसून ऐकत होती. तिलाही ते ठाऊक नव्हते. दुसरे एक गृहस्थ बांधावरच्या पाण्याच्या पाळीचा तंटा घेऊन बसले आणि पाच पंचांची सूचना आपल्या गावात चालेल का, यावर अर्धा तास वाद झाला. महाडच्या तळ्याचा विषय निघाला. शेवटी त्या आजींनीच विचारले, “पन मंग ते पान्याचं भांडन मिटलं का नाही?”

उत्तर ग्रंथातच पुढे आहे. सिद्धार्थ राजगृहाजवळ असताना पाच परिव्राजक येऊन सांगतात की लोकांनी युद्धाविरुद्ध चळवळ केली आणि दोन्ही गणांत समेट झाला. आता घरी परतायचे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. विचारांती त्याच्या लक्षात येते की राष्ट्रांमधील भांडण अधूनमधून होते, वर्गावर्गांतील भांडण मात्र कायमचे असते आणि जगाच्या दुःखाचे मूळ तेथे आहे. आम्ही ते प्रकरण मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा दहा माणसे जास्त आली. पुढे काय झाले हे जाणण्याची उत्सुकता हा वाचनाचा सर्वात जुना आनंद आहे. आणि तो मिळायला लिहिता-वाचता येण्याचीही अट नाही, हे मला त्या दिवशी कळले.

मी एम. ए.ला असताना हा प्रसंग टिपण काढून अभ्यासला होता. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले असते. पण बहिष्काराची धमकी ऐकून ज्याच्या अंगावर काटा येतो, अशा माणसाच्या शेजारी बसून मी तो कधी वाचला नव्हता. पुस्तकातील अर्थाचा एक भाग पानावर असतो, दुसरा ऐकणाऱ्याच्या आयुष्यात असतो. मंडळात बसल्यावर असे वीस जणांच्या आयुष्यातील अर्थ आपल्या पदरात पडतात.

आणखी एक आनंद सांगतो. चौथीनंतर शाळा सुटलेल्या एक ताई पहिली दोन वर्षे फक्त ऐकायला येत. तिसऱ्या वर्षी त्यांनी पुस्तक मागून घेतले आणि अक्षरांखाली बोट फिरवीत पाच विधाने वाचली. त्याला दहा मिनिटे लागली. कोणी घाई केली नाही, कोणी मध्ये शब्द पुरविला नाही. त्यांचे वाचून झाले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. सर्वांनी फक्त ‘साधु’ म्हटले. आता प्रजापती गौतमी आणि प्रकृती चांडालिकेची प्रकरणे आली की वाचनाचा मान हक्काने त्यांचा असतो.

सोयाबीनची सोंगणी संपली की हिवाळ्यात आम्ही पंधरा दिवसांतून एकदा बसतो आणि इतर पुस्तके घेतो. दया पवार यांचे ‘बलुतं’, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ ही पुस्तके अशीच वाचून झाली. बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घेतले त्या हिवाळ्यात पुरुषांना बोलायला संधीच मिळाली नाही, आणि ते योग्यच होते.

आपल्या जिल्ह्याचा एक धडा

पुस्तकाला वाचकांचा समूह लाभला नाही तर काय होते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे होते. १८८२ साली ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापले गेले. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यानंतर सगळा दोष बाईच्या माथी मारणाऱ्यांना त्यांनी त्यात सडेतोड उत्तर दिले. पुस्तकावर टीका झाली. महात्मा फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ते पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा महाराष्ट्राला आपल्याकडे इतक्या आधी असे लिहिणारी स्त्री होऊन गेली हे नव्याने कळले. मधली नव्वदेक वर्षे हा आवाज वाचकांपासून दूर राहिला. ताराबाईंच्या नावावर दुसरे पुस्तक आढळत नाही.

त्या काळी बुलढाण्यात पाच-दहा बायका-पुरुषांनी जमून ते पुस्तक वर्षातून एकदा जरी वाचले असते, मुलींना ऐकविले असते, तर? इतिहासात ‘तर’ला स्थान नसते, हे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तरी हा प्रश्न मला सोडत नाही. छापलेले पुस्तकही मरू शकते आणि त्याला जिवंत ठेवणारी माणसे लागतात, एवढे त्यातून नक्की कळते. याच जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्ते पंढरीनाथ पाटील यांनी १९२७ साली महात्मा फुल्यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले, तेही असेच एक जिवंत ठेवण्याचे काम होते.

पारायणाचा धोका

आता काळजीविषयी. एका वर्षी पावसाने आणि शेतीच्या कामांनी आमचे वाचन बरेच मागे पडले. आश्विन पौर्णिमा जवळ आली. समारोपाचे निमंत्रण गेलेले, खीरदान ठरलेले. मग आम्ही वेग वाढविला. एकेका रात्री तीस-चाळीस पाने. प्रश्न बंद, सांगणे बंद. ग्रंथ वेळेवर पूर्ण झाला, पुष्पहार झाले, सत्कार झाले. आठवड्याने मी सहज विचारले की शेवटच्या खंडातील काय लक्षात राहिले? कोणी बोलेना. मग त्याच आजी म्हणाल्या, “गुरुजी, यंदा पुस्तक लय पळालं, आमी मांगंच राह्यलो.” त्या वेगाला संमती देणाऱ्यांत मीही होतो. तो दोष माझाही आहे.

पुढच्या वर्षी मी सुचविले की ग्रंथ पूर्ण करण्याचा हट्ट सोडावा, जेथे थांबू तेथून पुढल्या वर्षी सुरुवात करावी. काही ज्येष्ठांना ते रुचले नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. समारोपाला बाहेरगावची मुले-सुना येतात, ग्रंथ पूर्ण झाल्याचे समाधान वाटते, माणसे टिकून राहतात. दोन बैठका वादात गेल्या. अखेर असे ठरले की आश्विन पौर्णिमेचा समारोप होईलच. मात्र त्या दिवशी ग्रंथ कोठवर आला हे सांगण्याऐवजी तीन महिन्यांत मनात राहिलेला एक प्रश्न प्रत्येकाने उभे राहून मांडायचा. आज आमच्याकडे हाच कार्यक्रम सर्वांत लांबतो.

या आग्रहाला आधार ग्रंथाचाच आहे. प्रस्तावनेत बाबासाहेबांनी बौद्ध धम्माच्या अभ्यासकांपुढील चार समस्या मांडल्या आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, हीच त्यांतील पहिली. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून, हे रूढ उत्तर बुद्धीला पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने ते आधी कधीच पाहिले नसेल काय, असे ते विचारतात. आणि हे प्रश्न वाचकांनी पुढे येऊन सोडवायला हातभार लावावा, अशी अपेक्षा व्यक्त करतात. जो ग्रंथकार वाचकाला चर्चेला बोलावतो, त्याच्या ग्रंथाला केवळ हार घालून परत येणे हा त्याचा सन्मान नव्हे. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका. स्वतः पारखून घ्या.

मंडळ कसे चालवावे

माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी, अनुभवातून आलेल्या काही सूचना देतो.

१. वेळ आणि जागा ठरलेली असावी. माणसे कमी आली तरी वाचन व्हावे.

२. एका बैठकीत एकच प्रकरण घ्यावे. वाचन वीस-पंचवीस मिनिटे, बोलणे त्याहून अधिक.

३. वाचणारा रोज बदलावा. शिक्षक, पुढारी किंवा पदाधिकारी यांनी शेवटी बोलावे. मोठे आधी बोलले की लहान गप्प बसतात.

४. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगण्याचे काम द्यावे. ऐकलेले आपल्या शब्दांत सांगणे हेही वाचनच आहे.

५. विचारलेले प्रश्न एका वहीत लिहून ठेवावेत. उत्तर त्याच दिवशी मिळालेच पाहिजे असे नाही.

६. वर्षावासानंतर निदान दोन इतर पुस्तके घ्यावीत. त्यांपैकी एक आपल्या जिल्ह्याशी संबंधित असावे. ‘स्त्रीपुरुष तुलना’पासून सुरुवात करता येईल.

७. एक तरी मूल शेजारी बसलेले असावे.

आमच्या वहीत आज बरेच प्रश्न जमले आहेत. काही मुलांच्या अक्षरात आहेत, काही मी लिहून घेतले आहेत. अनेकांची उत्तरे अजून मिळालेली नाहीत. पुणे-मुंबईला नोकरी करणारी आपल्या शाळेची मुले सुटीत गावी आली की मी त्यांच्यापुढे ही वही ठेवतो. कोणी एक पान वाचतो, कोणी रात्रभर बसतो. त्यांतील दोघांनी आपापल्या शहरात, राहत्या खोलीवर, रविवारी असे वाचन सुरू केल्याचे कळविले आहे. चार-पाच जणच जमतात म्हणे. सुरुवातीला तेवढे पुरेत.

येत्या आषाढ पौर्णिमेला आपण जेथे असाल तेथील विहारात जावे, ग्रंथ उघडलेला असेल तेथे बसावे आणि एक प्रश्न विचारावा. विहार जवळ नसेल तर शेजारच्या दोघांना घरी बोलवावे.

जय भीम! नमो बुद्धाय!